गरम इंजिनवर ऑइलचा काटा पडतो, तेव्हा उघडायचं काय आणि कधी?

प्रश्न: आमच्याकडे तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. सकाळी थंड इंजिनवर ऑइल प्रेशरचा काटा साडेतीन किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) जातो आणि तिथेच थांबतो. तासभर रोटाव्हेटर चालवून रेस कमी केली की तो अर्ध्या किलोच्याही खाली येतो, कधी लाल दिवाही लुकलुकतो. रेस वाढवली की पावणेदोन किलोपर्यंत चढतो, त्यापुढे नाही. ऑइल आणि फिल्टर मागच्याच महिन्यात बदलले आहेत. इंजिनचा आवाज नेहमीसारखाच वाटतो. एक मिस्त्री घट्ट ऑइल टाका म्हणतो, दुसरा रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगमागे वायसर टाकायला सांगतो, तिसरा म्हणतो क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) काढा. कोणाचं ऐकू?

उत्तर: तिसऱ्याचं म्हणणं शेवटी खरं ठरू शकेल, पण त्याने काहीही न मोजता ते सांगितलं आहे. दुसऱ्याचा सल्ला तुमच्याच आकड्यांत बसत नाही; का ते पुढे येईलच. पहिल्याच्या सल्ल्याने काटा थोडा वर येईल, रोग आहे तिथेच राहील.

प्रेशर पंपात तयार होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पंप फक्त ऑइल पुढे ढकलतो. मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये जिथे फिरतो ते), बिग एंड (पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडतो तो), कॅमचे बुश, रॉकर शाफ्ट अशा प्रत्येक ठिकाणच्या फटीतून ते ऑइल गळून पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, पडत असतं, आणि तसं पडायलाच हवं. या गळतीला जेवढा अडथळा, तेवढं प्रेशर. ठिबकच्या नळीची छिद्रं मोठी झाली की मोटर तीच असूनही शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही, तसाच हा हिशोब. फक्त इथे तो फार कडक आहे. बेअरिंगमधली गळती फटीच्या तिसऱ्या घाताने वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. ०.०७ मिमीची फट झिजून ०.१० मिमी झाली, तरी गळती जवळजवळ तिप्पट होते.

त्यात ऑइलचा पातळपणा मिसळतो. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंश सेल्सिअसला ४० अंशांच्या मानाने सात-आठपट पातळ असतं. आणि पंप रेसच्या प्रमाणात ऑइल देतो, म्हणजे ७०० आरपीएमला २१०० च्या एक तृतीयांश. गरम आणि स्लो, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की इंजिनची सगळी झीज काट्यावर दिसते. थंड इंजिनवर काटा छान दिसतो म्हणून इंजिन ठीक आहे, असं त्यामुळेच म्हणता येत नाही.

आधी काट्याची परीक्षा

डॅशबोर्डवरच्या मीटरवर विसंबून चेंबर उतरवू नका. मीटर इलेक्ट्रिक असेल तर त्याच्या सेंडरला, म्हणजे ब्लॉकवर बसवलेल्या प्रेशर मोजणाऱ्या तुकड्याला, अर्थ बहुतेक वेळा आट्यांमधूनच मिळतो. कोणी तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून सेंडर बसवला असेल तर अर्थ कच्चा होतो आणि काटा भलतंच दाखवतो. मीटर पाइपवाला असेल तर तांब्याची नळी कुठे चेपली आहे का, तिच्यात गाळ बसला आहे का, ते पाहा. अशा नळीमुळे काटा उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. लाल दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.६ किलोच्या दरम्यान दिवा लावतो, त्यामुळे तो लुकलुकला तर एवढंच कळतं की प्रेशर त्या पट्ट्यात आहे, किंवा स्विच खराब आहे.

सेंडर काढून त्या जागी ० ते ७ किलोचा चांगला मेकॅनिकल गेज लावा. तिथला आटा बऱ्याचदा एक-अष्टमांश इंचाचा पाइप आटा असतो, काही इंजिनांत मिलिमीटरचा असतो. जोडणी हाताने दोन-तीन आटे सरळ गेली नाही तर पाना लावू नका. ब्लॉकमधला आटा गेला तर नवीन काम उभं राहील. गेजची नळी फॅनपासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा.

आता ट्रॅक्टर खरोखर गरम करा. नुसता स्लोवर उभा ठेवून ऑइल पुरेसं तापत नाही. लोडवर निदान पाऊण तास काम द्या, मग लगेच ७००, १०००, १५०० आणि २००० आरपीएमचे आकडे लिहून घ्या. त्याच इंजिनचे दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असतानाचे आकडेही लिहा. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात दिलेला आकडा हाच खरा निकष. पुस्तक हाताशी नसेल तर बहुतेक जुन्या ट्रॅक्टर इंजिनांना गरम असताना पूर्ण रेसवर २ ते ४ किलो आणि स्लोवर पाऊण ते १ किलो एवढं प्रेशर पुरतं. काही फार जुन्या इंजिनांचं मुळातलंच प्रेशर यापेक्षा कमी असतं, म्हणून पुस्तक मिळवण्याचा प्रयत्न जरूर करा.

खऱ्या गेजवर गरम स्लोला १ किलो आणि रेसवर अडीच-तीन किलो दिसलं, तर सेंडर बदला आणि कामाला लागा. पुढचं वाचायची गरज नाही.

आकडे काय सांगतात

तुमच्या पत्रातले आकडे खऱ्या गेजवरही तसेच आले असं धरून पुढे जातो.

थंड इंजिनवर काटा साडेतीनवर जाऊन थांबतो. तो जिथे थांबतो ते रिलीफ व्हॉल्व्ह उघडण्याचं प्रेशर. म्हणजे तुमच्या स्प्रिंगमध्ये साडेतीन किलो धरून ठेवण्याची ताकद आहे. गरम झाल्यावर पूर्ण रेसवरही प्रेशर पावणेदोनच्या वर जात नाही, म्हणजे तेव्हा रिलीफ व्हॉल्व्ह बंदच असतो. बंद असलेल्या व्हॉल्व्हमागे वायसर टाकून त्याला आणखी घट्ट बंद करता येत नाही. फरक पडेल तो फक्त थंडीतल्या सकाळी. घट्ट ऑइलला वाट न मिळाल्याने प्रेशर नको तेवढं चढेल, फिल्टरचं पॅकिंग फुटेल किंवा पंपाच्या गिअरवर ताण येईल. गरम स्लोचा काटा केसभरही हलणार नाही. गंमत म्हणजे हा उपाय करणारे सकाळी चढलेला काटा दाखवूनच पैसे घेतात.

स्प्रिंग कमजोर असती तर चित्र उलटं असतं: थंड असो वा गरम, रेस कितीही दिली तरी काटा एका ठरावीक, कमी आकड्यावर अडकला असता.

थंड इंजिनवरही प्रेशर पडलेलंच असेल, तर बेअरिंगच्या आधी शंका घ्यायची ती जाळी तुंबल्याची, सक्शन पाइप फुटल्याची, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची. रेस वाढवल्यावर काटा आधी चढून मग खाली येत असेल तर जाळी ऑइल ओढू देत नाही. काटा एका जागी न थांबता नाचत असेल तर पंप हवा खातोय. ऑइल कमी आहे, किंवा सक्शन पाइपच्या जोडातली ओ-रिंग गेली आहे. कालपर्यंत ठीक असलेलं प्रेशर आज एकदम कोसळलं, तर ती झीज नसते. झीज एका रात्रीत होत नाही. गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेचा) प्लग निघाला असेल, बुश आपल्या जागी फिरला असेल, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल किंवा पंपाची ड्राइव्ह तुटत आली असेल. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरूच करू नका.

तुमचं चित्र हळूहळू झालेल्या झिजेचं दिसतं. पण तीन गोष्टी अगदी असंच चित्र उभं करतात: डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल, चुकीचा बसलेला फिल्टर, आणि सीटवर कण अडकून किंचित उघडा राहिलेला रिलीफ व्हॉल्व्ह. चेंबर उतरवण्याआधी या तिघांचा निकाल लावा, कारण बहुतेक वेळा तिन्ही बाहेरूनच पाहता येतात.

ऑइल, फिल्टर, व्हॉल्व्ह

मागच्या महिन्यात नेमकं कोणतं ऑइल टाकलं? ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूसाठी, म्हणजे गिअर, हायड्रोलिक आणि ब्रेकसाठी येणारं ऑइल डब्याच्या सारखेपणामुळे इंजिनमध्ये पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा पुस्तकात सांगितलेली ग्रेड आहे का, ते डोळ्यांनी पाहा.

मग ऑइल मोजायची पट्टी. ऑइलची पातळी महिन्याभरात न भरता वाढली असेल तर आत काहीतरी येतंय. डिझेल आलं असेल तर वास येतो, ऑइल बोटांत पाण्यासारखं निसटतं, आणि कोऱ्या टिपकागदावर थेंब टाकून काही तास ठेवला तर काळ्या डागाबाहेर फिकट, पसरट कडं उमटतं. डिझेल येण्याचे रस्ते ठरलेले आहेत. पहिला, फीड पंपाचा फाटलेला डायफ्रॅम. दुसरा, डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील. तिसरा, थेंब सोडणारं नोझल. ते गळणारं डिझेल न जळता लायनरवरून खाली उतरतं. रस्ता बंद केल्याशिवाय नवीन ऑइल टाकणं व्यर्थ.

पाण्याची खात्री अशी करा. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा, सकाळी सुरू न करता चेंबरचा ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करा आणि पहिले थेंब काचेच्या बाटलीत धरा. पाणी जड असल्याने तेच आधी येतं. पाणी निघालं तर लायनरच्या खालच्या ओ-रिंग किंवा हेड पॅकिंग हा आधीचा रोग आहे. तो न काढता बेअरिंग बदलली तर नवीनही जातील. रेडिएटर अर्धवट तुंबल्याने इंजिन नेहमीपेक्षा तापत असेल तरी ऑइल पातळ होऊन काटा पडतो, तेवढं तपासून पुढे चला.

फिल्टरकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण तो नुकताच बदलला आहे. वाटीत बसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फिल्टरला खाली एक स्प्रिंग, एक पत्र्याची बैठक आणि एक रबरी किंवा फेल्टचं वायसर असतं. यातलं एखादं जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात गेलं की ऑइल फिल्टरमधून न जाता बाजूने पळतं. वरच्या खोबणीत जुनं पॅकिंग तसंच राहून त्यावर नवीन बसलं, तर गळती किंवा हवा. बऱ्याच इंजिनांत सेंडर फिल्टरच्या पुढे असतो, म्हणून तुंबलेला किंवा चुकीचा फिल्टरही प्रेशर कमी दाखवतो.

काढलेला फिल्टर फेकू नका. फिल्टरचा कागद ब्लेडने कापा, पिळून ऑइल काढा आणि घड्या उन्हात उघडून पाहा. चुंबकाला चिकटते ती लोखंडी भुकटी गिअर, लायनर किंवा पंपाची. न चिकटणारी रुपेरी चमक बेअरिंगच्या वरच्या थराची किंवा पिस्टनची. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर निघू लागला आहे, आणि मग बाकी कशाचीही वाट न पाहता चेंबर उतरवायचा.

रिलीफ व्हॉल्व्ह काही इंजिनांत ब्लॉकच्या बाजूला मोठ्या षटकोनी टोपीखाली असतो, काहींत पंपालाच, म्हणजे चेंबरच्या आत. बाहेर असेल तर लगेच काढा. स्प्रिंग आणि प्लंजर कोणत्या क्रमाने निघाले ते लक्षात ठेवा. प्लंजर डिझेलने धुऊन, ऑइल लावून भोकात सोडला तर स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकत असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरला ऑइल लावून हलकंसं घासा. घासायचा तो प्लंजर, भोक नाही. सीटवर कार्बनचा कण किंवा खड्डा आहे का, ते बॅटरी मारून पाहा. स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तकाशी ताडून पाहा. कमी भरली तर नवीन घ्या. ओढून लांब केलेली स्प्रिंग थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. आधीच्या कोणी मागे वायसर टाकून ठेवलं असेल तर पुस्तकात तसं सांगितलं नसल्यास ते काढा.

एवढं करून, योग्य ग्रेडचं ताजं ऑइल आणि नीट बसवलेला फिल्टर घालून पुन्हा गरम आकडे घ्या. फरक पडला नाही तर चेंबर.

उतरवण्याआधीची दोन निरीक्षणं

सक्शनच्या जोडातून हवा जाते का, हे चेंबर न उतरवता कळू शकतं. ऑइलची पातळी तात्पुरती वरच्या खुणेपेक्षा लिटरभर जास्त करा आणि फक्त स्लोवर दोन-चार मिनिटं गेज पाहा. प्रेशर स्पष्टपणे सुधारलं तर फुटका जोड आता ऑइलखाली बुडाला आहे. जास्तीचं ऑइल लगेच काढून टाका. तसंच काम केलंत तर क्रँक ते घुसळून फेस करेल.

दुसरं, आवाज. बिग एंडचा आवाज टणक, कोरडा, रेस झटकन वाढवताना आणि सोडताना उठतो. मेन बेअरिंगचा आवाज खोल, धपधप असा, लोड आला की. आवाज असेल तर स्लोवर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करून तो सिलिंडर बंद पाडा. ज्याने आवाज मरतो त्याचा बिग एंड गेला. चष्मा आणि जाड हातमोजे घाला आणि नट चिंध्यांनी झाका, कारण त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. तुमच्याकडे आवाज नाही ही चांगली बातमी. क्रँक वाचण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते, आणि ती टिकवायची तर सगळं तपासून होईपर्यंत, मोजणीपुरतं सोडून, ट्रॅक्टर रोटाव्हेटरला लावू नका. खऱ्या गेजवर गरम असताना लोडवर प्रेशर १ किलोच्या खाली गेलं किंवा आवाज सुरू झाला, तर उभ्या जागी इंजिन बंद करायचं, घरापर्यंतही आणायचं नाही.

चेंबर खाली आल्यावर

बऱ्याच ट्रॅक्टरांत चेंबर हा बिडाचा, वजनदार आणि पुढच्या अॅक्सलचा भार घेणाऱ्या सांगाड्याचाच भाग असतो. अशा इंजिनात पुढचा भाग सुटा करावा लागतो. अॅक्सल आणि त्याच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, मागच्या चाकांना दगड लावा, आणि ट्रॅक्टर लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) किंवा भक्कम लाकडी ओंडक्यांवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही.

आधी जाळी. सिलिकॉन गॅस्केटचे तुकडे, चिंध्यांचे धागे, गाळ, जे अडकलं असेल ते दिसेलच. पॅकिंगला बाहेर जेवढं सिलिकॉन ओघळलेलं दिसतं, तेवढंच आतही ओघळून सुटतं आणि जाळीवर येऊन बसतं. सक्शन पाइपची ओ-रिंग किंवा पॅकिंग बदलाच. पाइपच्या वेल्डिंगला बारीक तडा आहे का, ते पाहा.

पंप रोटरचा असो वा गिअरचा, सर्वांत जास्त प्रेशर खातो तो वरच्या तोंडाचा प्ले, म्हणजे रोटर आणि झाकण यांमधली फट. सरळ पट्टी पंपाच्या तोंडावर आडवी धरून फिलर गेजने मोजा. ०.१० मिमीच्या आत चालतं, ०.१३ च्या वर गेलं की गरम स्लोला परिणाम दिसतो. आतल्या आणि बाहेरच्या रोटरच्या टोकांमध्ये ०.१५ मिमीपेक्षा जास्त नको. झाकणावर गोल ओरखडे पडून नखाला खोबण लागत असेल, तर जाड काचेवर २४० आणि मग ४०० नंबरचा पेपर ठेवून, ऑइल लावून, आठच्या आकड्यात फिरवत ते सपाट करता येतं. बॉडीच झिजली असेल तर नवीन पंप. पंपाला फिरवणाऱ्या आयडलर गिअरचा बुशही हलवून पाहा. त्यालाही गॅलरीतून ऑइल जातं आणि तो सैल झाला की तिथूनच गळतं.

आता बेअरिंग. बिग एंडच्या आणि मेनच्या प्रत्येक कॅपवर नंबर आणि दिशा आहे का, ते उघडण्याआधी पाहा. नसेल तर पंचाने खूण करा. एक बिग एंड उघडा. त्याचा वरचा अर्धा, म्हणजे रॉडमधला, जास्त झिजतो, कारण स्फोटाचा दाब त्यावर येतो. मेनमध्ये उलट, खालचा, कॅपमधला. एकसारखा मळकट राखाडी रंग असेल तर बेअरिंग बरं. तांबूस पट्टे दिसत असतील तर वरचा थर संपला. उभ्या रेघा म्हणजे ऑइलमधून कचरा गेला. एकाच कडेला झीज म्हणजे रॉड वाकलेला किंवा जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निमुळता. अॅल्युमिनियमच्या बेअरिंगमध्ये तांबं दिसणारच नाही, तिथे मोजूनच कळतं.

मोजण्यासाठी प्लास्टीगेज, म्हणजे चेपून फट दाखवणारा प्लास्टिकचा बारीक धागा, वापरा. जर्नल आणि बेअरिंग कोरडे पुसा, धागा जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पुस्तकातल्या टॉर्कने कसा, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा खोला आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी लावा. मेन बेअरिंग इंजिन जागेवर असताना मोजत असाल तर एक फसगत ठरलेली: क्रँक स्वतःच्या वजनाने खालच्या कॅपवर टेकलेला असतो, सगळी फट वर राहते आणि धागा जास्त चेपून फट कमी दाखवतो. शेजारच्या वजनाच्या पंख्याखाली लाकूड देऊन लहान जॅकने क्रँक हलकेच वरच्या बेअरिंगला टेकवा, मग मोजा. अंदाजाला सोपा नियम असा: जर्नलच्या व्यासाच्या हजारावा भाग ही निरोगी फट. ७० मिमीच्या जर्नलला ०.०७ मिमी. ०.१० च्या पुढे प्रेशर पडू लागतं, ०.१५ ला ते बेअरिंग संपलं.

फट जास्त आली म्हणून लगेच नवीन सेट आणू नका, जर्नल मायक्रोमीटरने मोजा. दोन जागी, आणि प्रत्येक जागी काटकोनात दोनदा, म्हणजे प्रत्येक जर्नलचे चार आकडे. दोन दिशांतला फरक ०.०४ ते ०.०५ मिमीच्या आत असेल, नख अडकेल अशी रेघ नसेल आणि व्यास पुस्तकाच्या मर्यादेत असेल, तर जुन्या बेअरिंगच्या पाठीवर जो साइझ छापलेला आहे त्याच साइझचा नवीन सेट चालेल. तिथे एसटीडी, ०.२५, ०.५० किंवा इंचात ०१०, ०२० असं लिहिलेलं असतं. दुकानात फक्त मॉडेल सांगून सेट आणला आणि क्रँक आधीच एकदा घासलेला निघाला, तर काम तिथेच अडतं.

जर्नल अंडाकृती किंवा ओरबाडलेला निघाला तर क्रँक उतरवून ग्राइंडिंगला न्यावा लागेल. ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: कोपऱ्याची गोलाई मूळची तेवढीच ठेवायची, नाहीतर क्रँक तिथून तुटतो, आणि ऑइलच्या भोकांचे प्लग काढून आतली वाट ब्रशने धुवायची. घासताना निघालेली पूड त्या वाटेत राहिली तर ती पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये जाते. काही क्रँकांचे जर्नल नायट्राइड केलेले (वरचा थर कडक केलेले) असतात, ते घासल्यावर पुन्हा कडक करून घ्यावे लागतात. क्रँक ब्लॉकमध्येच ठेवून एमरी पेपरच्या दोरीने जर्नल गोल करणारे मिस्त्री आहेत. त्यांना नमस्कार करा आणि दुसरा शोधा. कॅपचं तोंड कानसून फट कमी करणारेही त्यातलेच: कॅप घासली की भोक गोल राहत नाही, आणि पुढे कुठलंच नवीन बेअरिंग त्यात नीट बसत नाही.

बिग एंड आणि मेन दोन्ही मोजून ठीक निघाले, पंपही ठीक, तरी प्रेशर नाही, असं झालं तर कॅमचे बुश आणि रॉकर शाफ्ट उरतात. हेडचं झाकण काढून स्लोवर पाहा. रॉकरमधून ऑइल झिरपण्याऐवजी धार लागत असेल तर शाफ्ट आणि बुश गेले. चार सिलिंडरच्या काही इंजिनांत चेंबरमध्ये बॅलन्सर असतो, त्याचे बुशही प्रेशर खातात. तुमच्या तीन सिलिंडरला तो प्रश्न बहुधा नाही.

राहिला घट्ट ऑइलचा प्रश्न. १०० अंशांवर ४० ग्रेडचं ऑइल साधारण १४-१५ सेंटिस्टोक असतं, ५० ग्रेडचं १८-१९. म्हणजे घट्टपणा वाढतो सव्वापट, आणि तुमची गळती वाढली असेल कदाचित तिप्पट. हंगामाच्या मध्यावर, सुटे भाग येईपर्यंत, हलक्या कामासाठी २०डब्ल्यू-५० चालवून घेणं समजू शकतं. पण सकाळी सुरू केल्यावर ते रॉकरपर्यंत उशिरा पोचतं, म्हणून रेस न देता दोन मिनिटं थांबा. प्रेशर वाढवण्याच्या बाटल्याही हेच, पण महागात करतात.

जोडताना

बेअरिंगची पाठ आणि त्याची बैठक कोरडी ठेवा, ऑइल लावायचं ते फक्त जर्नलच्या बाजूला. वरच्या बेअरिंगचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं पाहिजे. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहा. ज्या कॅपनंतर तो जड झाला, ती पुन्हा खोलून पाहा. क्रँकचा पुढे-मागे प्ले याच वेळी मोजा आणि जास्त असेल तर थ्रस्ट वायसरही बदला. कॉनरॉडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, आणि पुस्तक सांगत असेल तिथे नवीनच.

पंप बसवण्याआधी त्यात पेट्रोलियम जेली किंवा ऑइल भरा. ग्रीस नको, ते विरघळत नाही आणि वाट अडवतं. फिल्टर ऑइलने भरून लावा. स्टॉप ओढून ठेवून, म्हणजे डिझेल बंद करून, पंधरा-पंधरा सेकंद स्टार्टर मारा, मधे मिनिटभर थांबा. मेकॅनिकल गेजचा काटा हलला की मगच इंजिन सुरू करा. सुरू झाल्यावर दहा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद करा.

गेज लगेच काढू नका. लोडवर पाऊण तास चालवून तेच चार आकडे पुन्हा घ्या आणि आधीच्या शेजारी लिहून ठेवा. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५० तासांत बदला, आणि तोही फिल्टर कापून पाहा. सुरुवातीची थोडी भुकटी चालते, तांबूस चमक मात्र दिसता कामा नये.